मडमची भाषा

“फॉरबिडन,” गोऱ्या अंमलदाराने हुकूम वाचला.

“म्हणजे सक्त मनाई,” बद्रुद्दीन कारकुनाने मराठीत सांगितलं.

“फेरबोटेन,” रतनबाई मडमला म्हणाली.

मडम दचकली. दोन वर्षं ही बाई तिच्या घरात राबत होती. हिला आपली भाषा येते, हे तिला ठाऊकच नव्हतं.

लढाई पेटल्यापासून जर्मनांची धरपकड चालू होती. मडमच्या नवऱ्याला, धरणाच्या कामावरच्या साहेबाला, महिन्यापूर्वीच नगरच्या छावणीत नेलं होतं. आज मडमला छावणीत न्यायचं होतं. तिला इंग्रजी येत नव्हतं, आणि जर्मन जाणणारं लोणावळ्यात दुसरं कुणी उरलं नव्हतं.

हुकूम लांबलचक होता. शिस्त, मोजकं खाणं, वेळेवर उठणं, गप्प राहणं, उलट न बोलणं. अंमलदार वाचायचा, बद्रुद्दीन उलगडायचा आणि रतनबाई मडमच्याच सुरात सांगून मोकळी व्हायची. कुठंच अडली नाही. साखर दोनदा लागली तर मडम काय बोलायची, ते तिला पाठ होतं. घड्याळात वेळ झाल्याशिवाय रडत्या बाळाला उचलायचं नाही, तेही पाठ होतं. त्या वेळी पाळण्याशी हात बांधून उभी असताना तिला तिकोणा पेठेत आईपाशी ठेवलेली आपली पोर आठवायची. बद्रुद्दीन हसून म्हणाला की बाई, तू तर आमच्या साहेबाची नोकरी खाशील.

शेवटचं कलम मुलांचं होतं. अंगावरचं दूध सुटलेली मुलं वेगळ्या घरात ठेवायची. आईनं आठवड्यातून एकदाच भेटायचं.

“नूर झोनटाग,” रतनबाई म्हणाली. फक्त रविवारी. कामावर आली त्या दिवशी आपल्या पोरीबद्दल तिनंही मडमकडून हेच ऐकलं होतं. आज आपल्याला बरं वाटेल असं तिला वाटलं होतं. वाटलं नाही.

मडमचे ओठ पांढरे पडले. तिनं पाळण्याची दांडी दोन्ही हातांनी धरली. बाटलीच्या दुधावरचं बाळ जागं होतं, मुठी चोखत होतं.

अंमलदाराने कागदाची घडी घातली. टोपी काढली. आपलीही दोन लेकरं आहेत, असं काहीसं तो खालच्या आवाजात बोलला. बद्रुद्दीन पाळण्याजवळ सरकला.

“साहेब म्हणतात, घाबरू नकोस, माउली. तुझ्या बाळाला तिथं कुणीतरी कुशीत घेईल, मायेनं जोजवील. सांग तिला, रतनबाई.”

मडम तिच्या तोंडाकडं बघत राहिली. रतनबाईनं तोंड उघडलं, मिटलं. पुन्हा उघडलं. डोळ्यांना पदर लावून ती बद्रुद्दीनकडं वळली.

“भाऊ, ह्यातला एक बी शबुद मला ठावं न्हाई. ह्या घरात तसं कुणी कुणाला बोललंच न्हाई.”