चुकीचं कोर्ट

"हा दावा या न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात येत नाही," न्यायाधीश म्हणाले. "बँक घराचा ताबा घेतेय, तेव्हा दाद कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे मागायची. दावा फेटाळला."

चार महिन्यांचे हेलपाटे चार मिनिटांत आटोपले.

मुलाने आईची पिशवी उचलली, हात देऊन तिला उठवलं. "लेक असावा तर असा," मागच्या बाकावरची बाई शेजारणीला म्हणाली. त्याने मान खाली घातली.

तीस वर्षं नर्सची नोकरी करून आईने ते दोन खोल्यांचं घर घेतलं होतं. गहाण पडलं ते त्याच्या मोटार ड्रायव्हिंग स्कूलपायी. स्कूल बुडालं, दारावर नोटीस चिकटली. शेजारी येता-जाता ती वाचू लागले, तसा तो मागच्या जिन्याने ये-जा करू लागला.

दाव्याचा हट्ट बहिणीचा. "कर्जाच्या कागदावर सही केल्याचं आई मला कधी बोलली नाही," ती फणकारली होती. "कोर्टात होऊन जाऊ दे सोक्षमोक्ष."

"वय झालंय गं तिचं. हल्ली विसरते," तो म्हणाला होता. आई तिथेच मटार सोलत बसली होती. तिने मान वर केली नाही.

आता व्हरांड्यात बहिणीने वकीलबाईंना गाठलं. "मग उद्याच न्यायाधिकरणात जाऊ!"

"तिथली मुदत टळलीय."

बहीण रडायला लागली. आईच तिला समजावत खाली घेऊन गेली. "भाड्याची खोली बघू गं. मला काय, एक खाट पुरे."

कागद घ्यायला तो वकीलबाईंच्या मागून त्यांच्या खोलीत गेला. सुटल्यासारखं वाटत होतं, आणि तसं वाटल्याचीच लाज वाटत होती. मग त्याचा आवाज उगाच चढला.

"चुकीच्या कोर्टात दावा घातलात, वकीलबाई! माझ्या आईचं घर गेलं तुमच्यामुळे."

वकीलबाईंनी दार लोटून घेतलं.

"हे कोर्ट ऐकणार नाही, हे मी तुमच्या आईंना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तर म्हणाल्या, 'मग इथेच घाला. मुलीचंही समाधान होईल, आणि माझी खोटी सही माझ्या लेकानेच ठोकलीय, हे कुणी तपासणार नाही.'"