मूठभर सरकी

नवापूरच्या डोंगरातल्या पारुबाईनं दिलेल्या मूठभर सरकीवर दहा वर्षं खपून कुंदननं तुडतुड्यांना दाद न देणारा कापसाचा वाण काढला. नोंदणीच्या अर्जात 'मूळ बियाणे कोणाकडून?' असा रकाना होता. नाव जिभेवर होतं, तरी त्यानं लिहिलं, 'अज्ञात'.

वाण मंजूर झाला, पण मन खायला लागलं. मग नव्या सरकीची पिशवी घेऊन तो तिच्या पाड्यावर गेला. म्हातारीनं दुरूनच ओळखलं.

"आला का म्हसावदचा कुंदन! मी सांगायची ना सगळ्यांना, नेलेलं बी तो परत आणणार."

पिशवी सुपात ओतून तिनं त्यातलीच एक मूठ त्याच्या हातावर ठेवली. "आमच्यात परत आलेलं बी सगळं ठेवून नाही घेत. संपलं तर पुन्हा माग. लाजू नको."