कर्व्ह केलेलं नाव

दशक्रियेच्या पत्रिकेवर चौथ्यांदा ‘यशोदा’ छापून आलं.

“ताई, माझ्या आईचं नाव यस्वदा होतं,” भानुदास टेकाळे काकुळतीला आले. “गावात यशोदाला कुणी ओळखत नाही.”

छापखान्यातल्या वैजयंतीला राहवेना. वीस वर्षं डीटीपी केल्यावर आता तिला एकच काम उरलं होतं: यंत्राने जुळवलेलं, आपणहून ‘शुद्ध’ केलेलं पान मंजूर करायचं. तिने कपाटातला जुना कॉम्प्युटर काढला, ‘यस्वदा’ टाइप केलं आणि अक्षरं कर्व्ह केली, म्हणजे त्यांच्या नुसत्या रेषा करून टाकल्या. आता यंत्राच्या लेखी ते नाव नव्हतं, नुसतं चित्र होतं.

‘यस्वदा’ छापलं गेलं.

लगेच यंत्राच्या पडद्यावर ओळ उमटली: ‘युक्ती समजली. उद्यापासून चित्रांतली नावंही शुद्ध होतील.’

“दादा,” वैजयंती घाईने म्हणाली, “घरात आणखी कुणाकुणाची अशी नावं आहेत? आत्ताच सांगा.”