मेडोस्वीटचा गुण

मेडोस्वीटला फुलोरा आला की रघुपतींचा दुहेरी फायदा होता: गुडघा बरा होणार होता आणि त्यासाठी चालावं लागणार नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोज सकाळी फिरा. पण जो उपाय कपात ओतून पिता येत नाही, त्याला रघुपती औषध मानत नसत. मुलीच्या, अनुषाच्या, लग्नाला दीड महिना उरला होता. कन्यादानाला पाटावर मांडी घालूनच बसणार, असं त्यांनी सगळ्या सोयऱ्यांना ठणकावून सांगितलं होतं. खुर्चीत बसून सांगितलं होतं, एवढंच.

म्हणून बसवनगुडीतल्या त्या चिमूटभर अंगणात, नळाजवळच्या ओलीत, ही विलायती वनस्पती जावयासारखी राहत होती. तिला ऊन सोसत नाही म्हणून रघुपतींची छत्री तिच्यावर. मुळाशी कोरडं पडलेलं खपत नाही म्हणून घरातलं धुणं थांबवून पाणी तिला. शेवटी सायीच्या रंगाचे तुरे आले. मधात बदाम वाटल्यासारखा वास सुटला.

"सगळे तुरे पुरते उमलले की एकदम सुकवायचे, काढा करायचा. दुखणं पळालंच समज," रघुपती म्हणाले.

"दुखणं पळेल हो. तुम्ही कधी पळणार?" महानंदा म्हणाली. बत्तीस वर्षांच्या संसारात तिनं नवऱ्याला दोनदा काही सांगण्याची सवय सोडून दिली होती.

दुसऱ्या सकाळी एक तुरा गायब. तिसऱ्या सकाळी आणखी एक.

बसवनगुडीत पहाटे पिशवी आणि आकडीची काठी घेऊन फिरणाऱ्याला कुणी चोर म्हणत नाही. देवासाठी तोडलेल्या फुलाला चोरी लागत नाही, हा तिथला कायदा. पण रघुपतींनी औषध लावलं होतं, पूजा मांडली नव्हती. ते खिडकीत दबा धरून बसले. कुंपणावरून आकडी आली, तुरा वाकला, कट्कन तुटला. मागे माकडटोपी दिसली. दोन घरं सोडून राहणारे आप्पाजी!

"आप्पाजी! ठेवा ते!"

"देवाला हो, रघुपतीअण्णा! स्वल्प, स्वल्पच घेतलंय!" म्हणत आप्पाजी चालू पडले. रघुपती चपला अडकवून मागे. माणूस इतका निलाजरा की कोपऱ्यावर थांबून मागे बघायचा, आणि अंतर कमी झालं की पुन्हा सुटायचा.

त्या दिवशी रघुपतींचा दम कोपऱ्यावरच्या कॉफीवाल्यापाशीच संपला. पुढच्या आठवड्यात ते बागेच्या फाटकापर्यंत पोचले. झाडावर जाळी बांधून पाहिली, तर सकाळी गाठ सुटलेली. "वाऱ्यानं असेल," महानंदा म्हणाली. मग गणपतीचं देऊळ. लग्न चार दिवसांवर आलं, झाडावर शेवटचा तुरा उरला, तोही गेला. त्या सकाळी मात्र रघुपतींनी देवळामागच्या खडकाच्या टेकडीवर चढून आप्पाजींची पिशवी धरलीच. धरली आणि तिथेच मटकन खाली बसले.

"औषध होतं हो माझं! आता पाटावर मांडी कशी घालू मी?"

आप्पाजी कुकरच्या शिटीसारखे फुसफुसत होते. त्यांनी काठीनं खाली दाखवलं. "आत्ता बसलाय ते काय आहे, अण्णा?"

रघुपतींनी खाली पाहिलं. मांडी होती. बिनतक्रार, पुरती, ऐसपैस.

"आता मला सोडा," आप्पाजी म्हणाले. "महानंदाक्कांनी इथवरच पळायला सांगितलं होतं."

लग्नात रघुपती पाटावर बसले आणि हात न टेकता उठले. सोयरे थक्क झाले. "मेडोस्वीट! दुसरं काय?" रघुपती म्हणाले. त्याच्या काढ्याचा एक घोटही त्यांच्या पोटात गेला नव्हता. महानंदानं पदर तोंडाला लावला.

तर जमाखर्च असा: देवाला महिनाभर फुलं, महानंदाला फिरता नवरा, औषधाला फुकटची कीर्ती. खर्च पडला तो एकट्या आप्पाजींना. ते पहिल्या रांगेत, खुर्चीत, गुडघ्याला पट्टा बांधून बसले होते, आणि वधूपिता त्यांच्यापुढे वाकून कळकळीनं सांगत होता, "आप्पाजी, काढ्याबिढ्याच्या नादी लागू नका. रोज सकाळी फिरत चला."