वीस मिनिटं

पुन्हा बिघडला. दुर्बिणीला लावलेल्या कॅमेऱ्यातला फोटो गॅलरीत उभ्या चष्मेवाल्या तरुणाने मोठा करून पाहिला. तारकागुच्छातला प्रत्येक तारा टाचणीच्या टोकाएवढा दिसायला हवा होता, आणि हे सगळे तांदळाच्या दाण्यासारखे लांबट.

आत त्याचे वडील फेऱ्या मारत होते. खोलीतल्या लाकडी फळ्या थेट गॅलरीपर्यंत आलेल्या. पाऊल तिथे पडलं की दुर्बीण इथे हलायची. तीस वर्षं दारोदार टपाल वाटलेला माणूस, तो एका जागी बसतोय कसला! खिडकीपासून दारापर्यंत सात पावलं, परत सात.

महिनाभराने आज आकाश मोकळं झालं होतं. तासाभरात चंद्र उगवला की सगळी मेहनत पाण्यात. त्याला दोन-दोन मिनिटांचे दहाच फोटो हवे होते. ते एकावर एक रचले की अंधुक तारेसुद्धा वर येतात.

तो तरातरा दारात गेला. "बाबा, कितीदा सांगायचं? वीस मिनिटं हलू नका! जरा बसलं तर जीव जातो का?"

"पाय ऐकत नाहीत रे," वडील म्हणाले आणि पलंगावर बसले.

पहिला फोटो स्वच्छ आला. दुसराही. पाचव्याला तर चष्मेवाल्याने स्वतःचीच पाठ थोपटली. सातवा चालू असताना मात्र त्याच्या ध्यानात आलं, की आत एकही फळी वाजलेली नाही. खोकला नाही, जांभई नाही.

"बाबा?"

त्याने पुन्हा हाक मारली. 'जीव जातो का?' हे मघाचं आपलंच बोलणं त्याला आठवलं. तो धावला. तिवईला पाय लागला, दुर्बीण भिंतीकडे कलंडली. त्याने वळूनही पाहिलं नाही.

वडील पलंगाच्या कडेवर बसले होते. दोन्ही हातांनी गादी घट्ट धरलेली, पाय जमिनीपासून वीतभर वर उचललेले, चेहरा लालबुंद.

"झालं का?" त्यांनी ओठ न हलवता विचारलं.

"हाक मारली तर ओ द्यायची नाही का?"

"तूच म्हणालास ना, हलू नका."

चष्मेवाला तिथेच फळ्यांवर मटकन बसला. "झालं, बाबा. चाला तुम्ही."

वडील उठले. सात पावलं गेली, सात परत आली. प्रत्येक पावलाला खालची फळी हलत होती, आणि चष्मेवाला तिच्यावर तळहात टेकून बसून राहिला.