सकाळी सहाचा मेल

"अगं, केतकीकडे जरा बघ. हल्ली डबा न उघडताच परत नेते," लायब्ररीतल्या साबळे मॅडम फोनवर म्हणाल्या होत्या.

मी हसले होते. "तिला काय धाड भरलीय, मॅडम! रोज सकाळी सहाला तिचा मेल असतो."

आम्ही दोघी ज्वारीवरच्या बुरशीवर पीएच.डी. करत होतो. मी बाळंतपणाला माहेरी आले, तरी जगभरात त्यावर नवीन काय छापून आलं, त्याची यादी ती रोज पाठवायची. बाळाचा श्वास नीट चाललाय ना, हे बघता बघता मी ती चाळायची आणि वाटायचं, केतकी मजेत आहे.

बारशाला बोलवायला काल फोन केला, तर तिच्या भावानं उचलला. "ताई, ताप अंगावर काढला तिनं. जाऊन वीस दिवस झाले. तुम्ही ओल्या बाळंतीण, म्हणून कुणी कळवलं नाही."

"पण आज सकाळीच तिचा मेल आलाय!"

"तो आपोआप येतो, ताई. संगणकच रोज नवीन यादी करून तिच्या नावानं पाठवतो. तुम्ही अभ्यासात मागे पडू नये म्हणून तिनं लावून ठेवलाय."

मी एकाही मेलला उत्तर दिलं नव्हतं.

तुम्हालाही कुणाचे नुसतेच मेल येत असतील, तर आज त्यांना फोन लावा. आवाज ऐकल्याशिवाय ठेवू नका.