रिकाम्या हाताचा बाप

रुमोंडांगनं चर्चसाठी लिहिलेल्या नाटकात उधळ्या पुत्र परतला, बापानं वासरू कापलं, पण रुसलेला थोरला भाऊ अंगणातून काही केल्या आत येईना. “मिठी मारायला लाव, पडदा पाड,” पाळक म्हणाले. मिठीनं असा माणूस विरघळतो का, हे विचारायला ती तोबा सरोवराच्या काठी राहणाऱ्या आपल्या दादाकडे गेली. धाकटा भाऊ बाटाम बेटावरून परतल्यापासून दादानं वडिलांच्या घराची पायरी चढली नव्हती. “बाप समजावायला बाहेर येतो ना? हातात काय असतं?” जाळं विणत त्यानं विचारलं. “काही नाही. शास्त्रात तसं नाही.” “लेखिकाबाई, मांसातला थोरल्याचा वाटा आधी द्यायचा, एवढं बापाला कळत नाही?” रुमोंडांगला आठवलं, धाकट्यासाठी घरी डुक्कर कापलं, तेव्हा दादाचा वाटा कोणीच काढला नव्हता. रविवारी केळीच्या पानात थोरल्याच्या वाट्याचं मांस बांधून ती दादाच्या दारात उभी राहिली. “शास्त्रात नाही ना हे? पाळकांना विचारलंस?” म्हणत त्यानं पान उलगडलं.